सायकलच्या चाकात ट्यूब असावी की नसावी?

“सर, बाबांच्या मोटारसायकलला ट्यूब नाही. मग माझ्या सायकलला ती कशाला हवी?”

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता वीर स्टेशनाबाहेर अकरावीतल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला. मी गाडीच्या घाईत होतो. म्हटले, “अरे, तत्त्व एकच. हवा ट्यूबमध्ये कोंड, नाहीतर टायरमध्ये कोंड. दाब तो दाबच.” एवढे बोलून मी फलाटाकडे वळलो.

वीर हे महाड तालुक्यातले गाव तुमच्यापैकी काहींनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिले असेल. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला. महाड शहरात रेल्वे नाही, त्यामुळे महाडला किंवा रायगडावर जाणारी मंडळी येथेच उतरतात. अलीकडे त्यांत रुंद टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन येणारे तरुणही दिसतात. कुणी वरंध घाटाकडे जातो, कुणी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठतो. गावातली मुले त्या सायकलींभोवती जमतात, गिअर मोजतात आणि प्रश्न विचारतात. “ट्यूबलेस” हा शब्द त्या मुलाने तिथेच ऐकला होता.

माझे उत्तर त्याने होकार समजून घेतले. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आपल्या साध्या सायकलच्या दोन्ही ट्यूब काढल्या, रिममधली तारांची भोके चिकटपट्टीने बंद केली, बाजारातून आणलेला पांढरा द्रव टायरात ओतला आणि महामार्गावरच्या एका टायरवाल्याकडून मोठ्या पंपाने हवा भरून घेतली. तीन आठवडे सायकल झकास चालली. मग एका सकाळी गावामागच्या उतारावर, सुट्या दगडांवरून वळण घेताना पुढचा टायर रिमवरून निसटला. उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते आणि सहामाही परीक्षा लेखनिक घेऊन द्यावी लागली.

मी दाबाविषयी जे बोललो ते खरेच होते. पण त्याने दाबाविषयी विचारलेच नव्हते! त्याने चाकाविषयी विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर आज देतो. तेव्हा द्यायला हवे होते.

आधी टायर करतो काय ते पाहू. समजा, तुमचे वजन ५५ किलो आणि सायकलीचे १५ किलो, एकूण ७०. आपण बसतो मागच्या बाजूला, म्हणून मागच्या चाकावर अधिक भार येतो. तो ४२ किलो धरू. हा भार जमिनीवर कोण पोचवते? बहुतांशी टायरमधली हवा. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ३ किलो असेल, तर टायर जमिनीला सुमारे १४ चौरस सेंटीमीटर जागेत टेकेल. दाब निम्मा, म्हणजे दीड किलो केला, तर टेकण्याची जागा दुप्पट होऊन २८ चौरस सेंटीमीटर होईल. (पंपवाला ‘पौंडा’त बोलतो. एक किलो म्हणजे त्याचे सुमारे १४ पौंड. तेव्हा ३ किलो म्हणजे ४३ पौंड आणि दीड किलो म्हणजे २१.)

यावर नुसता विश्वास ठेवू नका. मागच्या टायरला ओला चुना फासा, चौकटीच्या कागदावर चाक अलगद टेकवा, सायकलवर बसा, उतरा आणि उमटलेल्या ठशाचे चौरस मोजा. तो आकडा दाबाने गुणला की चाकावरचा भार मिळतो. टायरला गाठी असतील तर ठशाची बाहेरची कड धरून मोजा. उत्तर तंतोतंत येणार नाही, कारण टायरचे रबरही थोडा भार स्वतः पेलते. तरी ते जवळपास येते. शिक्षकांना माझी विनंती आहे की, वर्गात दाबाचा धडा चालू असताना हा प्रयोग मैदानावर अवश्य करावा. साहित्याला खर्च नाही.

टायर जास्त जागेत टेकला की ओल्या दगडावर आणि खडीवर पकड चांगली बसते. शिवाय मऊ टायर लहान दगडाला पोटात घेतो. कडक टायर प्रत्येक दगडावर चढतो आणि उतरतो, आणि त्या चढउतारात तुमच्या पायांची मेहनत वाया जाते. डांबरी रस्त्यावर टायर कडक हवा. पाखाडीवर, भातकापणीनंतरच्या बांधांवर किंवा पावसाने धुऊन निघालेल्या बैलगाडीच्या वाटेवर तो मऊ हवा. डोंगरात सायकल चालवणाऱ्याला कमी दाब हवा असतो तो याच कारणाने.

मग दाब कमी का करू नये? इथे ट्यूब आडवी येते. मऊ टायर टोकदार दगडावर जोरात आपटला की तो पार रिमपर्यंत दबतो. ट्यूब रिमच्या कडेत आणि दगडात चिमटली जाते, आणि तिला रिमच्या दोन कडांच्या जागी दोन चिरा पडतात. जणू सापाने दोन दात मारले आहेत. पंक्चर काढणाऱ्याजवळ कधी उभे राहा आणि भोक एक आहे की दोन, ते पाहा. एक असेल तर काटा, खिळा किंवा तार. समोरासमोर दोन असतील तर हवा कमी होती, एवढे निदान तुम्हालाही करता येईल. आमच्या भागात करवंदीचे आणि बोरीचे काटे आहेत. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून निघालेल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे पडलेले असतात, तेही ट्यूबमध्ये घुसतात. पण आडवाटेने जाणाऱ्या मुलांच्या ट्यूब मी पाहिल्या आहेत, त्यांत दोन चिरांच्याच जास्त. आमचा खरा शत्रू काळा फत्तर आहे.

देशावर गोष्ट निराळी. सोलापूर-नगरकडे माळावर सराटा पसरलेला असतो. त्याचे फळ कसेही पडले तरी एखादा काटा आभाळाकडे असतोच. तिकडच्या माझ्या एका मित्राने ट्यूबला रामराम ठोकला आहे, आणि मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

ट्यूब काढून टाकली की चिमटण्याचा प्रश्न बव्हंशी मिटतो, कारण चिमटायला आत काही नसते. काट्याचेही भय कमी होते. का, ते पाहण्यासाठी एक फुगा घ्या. न फुगवता त्यावर शाईचा बारीक ठिपका द्या, मग फुगवा. ठिपका पसरेल. ट्यूबही आत अशीच ताणलेली असते, म्हणून तिचे भोक ताणाने मोठे होते. निसटलेली हवा ट्यूब आणि टायर यांच्या फटीतून तारांच्या भोकांकडे जाते आणि चाक बघता बघता बसते. टायरच्या आत मात्र कापडाचे थर असतात. तो फुग्यासारखा ताणत नाही, उलट घुसलेल्या काट्याला घट्ट धरून ठेवतो, आणि हवा हळूहळू जाते.

त्यात तो पांढरा द्रव असतो. फणस कापताना देठातून चीक येतो आणि थोड्या वेळाने घट्ट होऊन जखम बंद करतो, हे कोकणातल्या मुलाला सांगायला नको. टायरमधल्या द्रवांपैकी पुष्कळांत रबराच्या झाडाचा चीक असतो. पाण्यात तरंगणारे रबराचे सूक्ष्म कण, ते आपसांत चिकटू नयेत म्हणून थोडा अमोनिया आणि भोकात अडकणारी बारीक भुकटी असे ते मिश्रण. भोकातून हवेबरोबर द्रव बाहेर धावतो, कण गोठतात आणि बूच बसते. काट्याएवढे भोक तो स्वाराला कळण्याआधीच बंद करतो. फत्तराने कापलेली बोटभर चीर मात्र त्याला आवरत नाही. शिवाय तो वाळतो! थंड देशांतही काही महिन्यांनी तो नव्याने घालावा लागतो. आपल्या एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात त्याहून लवकर. चाक कानाशी धरून हलवा. आत डचमळण्याचा आवाज आला नाही, तर तुमच्या टायरात ट्यूबही नाही आणि चीकही नाही.

वजन घटते असे काही जण सांगतात. ट्यूबचे वजन दीड-दोनशे ग्रॅम. घातलेला चीक जवळजवळ शंभर ग्रॅम, वर चिकटपट्टी आणि व्हॉल्व्ह. पन्नास-शंभर ग्रॅमसाठी एवढा खटाटोप नको. पाण्याची बाटली अर्धी प्यालात तर याहून अधिक वाचेल.

आता त्या मनगटाकडे वळू. टायरच्या दोन्ही काठांत तारेची किंवा न ताणणाऱ्या धाग्याची कडी असते. ही कडी रिमच्या कडेत बसते, आणि तिला तिथे दाबून धरते ती आतली हवा. ट्यूब असताना दोन कामे दोघांकडे वाटलेली असतात. हवा कोंडण्याचे काम ट्यूबचे, भार आणि झीज सोसण्याचे टायरचे. वळणावर टायरचा काठ एखादा मिलिमीटर आत सरकला तरी हवा कुठे जात नाही. ट्यूब त्याला पुन्हा बाहेर ढकलते. ट्यूब नसताना दोन्ही कामे त्या काठावर येतात. तो मिलिमीटरभर सरकला की फट पडते. फटीतून हवेची ढेकर निघते. दाब उतरतो. दाब उतरला की काठाला दाबून धरणारे बल कमी होते, तो आणखी सरकतो, आणखी हवा जाते. परिणाम स्वतःच्याच कारणाला वाढवत नेतो अशी ही साखळी आहे. ती सुरू झाली की एका वळणाच्या आत संपते, आणि स्वार जमिनीवर असतो.

हे टाळण्यासाठी ट्यूबलेसकरिता बनवलेल्या रिमला आतून एक उंचवटा असतो. काठ एकदा ‘फट्’ असा आवाज करून त्याच्या पलीकडे बसला की सहजी परत येत नाही. टायरची कडीही त्या मापाला अधिक काटेकोर बनवलेली असते. साध्या रिमला तो उंचवटा नसतो. तिथे काठ मधल्या खोलगट भागाकडे घसरायला मोकळा असतो. आमच्या मुलाच्या रिमला तो नव्हता. मी तेव्हा थांबून चाक बघितले असते तर एका मिनिटात कळले असते.

मोटारसायकलचे काय, हा त्याचा मूळ प्रश्न उरतोच. तिचा टायर जाड, काठ ताठ, आणि ट्यूबलेस मोटारसायकलचे चाक बहुधा ओतीव असते, त्याला तारांची भोकेच नसतात. तुम्ही एक करा. गावात तारांचे चाक असलेली मोटारसायकल शोधा आणि तिच्या टायरात ट्यूब आहे का, ते मालकाला विचारा. बहुधा असेल. मोटारींना बिनट्यूबचे टायर मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डोंगरी सायकलींचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७०च्या दशकात रुजला, तो जुन्या जाड टायरांच्या सायकलींवर आणि अर्थातच ट्यूब घालून. फ्रान्समधील माव्हिक कंपनीने डोंगरी सायकलसाठी रिम आणि टायर यांची जुळणारी ट्यूबलेस पद्धत आणली ती १९९९ मध्ये. म्हणजे मोटारीची कल्पना सायकलवर नीट बसायला अर्धे शतक लागले. अडचण हवेची नव्हती, काठाची आणि भोकांची होती.

इतिहासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला. (त्याच्या आधी, १८४५ साली, टॉमसन याने अशा टायरचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मरणात गेले होते.) त्या सुरुवातीच्या टायरात आत ट्यूब होती, परंतु टायर रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सगळे उकलायचे, पुन्हा चिकटवायचे आणि सुकेपर्यंत वाट पाहायची. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये रिमवरून काढता-घालता येणारा टायर आणला, आणि त्याच वर्षीची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही प्रचंड शर्यत त्या टायरवर जिंकली गेली. वाटेत पंक्चर झाले तर स्वार स्वतःच ते थोड्या वेळात दुरुस्त करू शकत होता. आज आपल्याकडे शाळकरी मूलसुद्धा दोन पट्ट्या, पॉलिशपेपर आणि सोल्यूशन घेऊन रस्त्याच्या कडेला पंक्चर काढते, त्याचे मूळ तिथे आहे.

ट्यूबलेस चाक वाटेत बसले तर काय? एक हिशेब करू. साडेसत्तावीस इंची चाकाचा सव्वादोन इंचांहून थोडा अरुंद टायर घ्या. हवेच्या नळीची त्रिज्या सुमारे २.६५ सेंटीमीटर आणि तिची लांबी २०० सेंटीमीटर. घनफळ येते सुमारे ४.४ लिटर. पंपाच्या नळीचा आतला व्यास ३ सेंटीमीटर आणि दांड्याची चाल ४५ सेंटीमीटर असेल, तर एका दाबात सुमारे ०.३ लिटर हवा जाते. २ किलो दाब आणायला बाहेरची ८.८ लिटर हवा लागेल, म्हणजे तीसेक दाब. ट्यूब असेल तर हे काम दोन मिनिटांचे, कारण गेलेली हवा परत येत नाही. ट्यूबलेसमध्ये काठ खाली बसलेला असेल तर तुम्ही भरता त्याहून जलद हवा फटीतून पळते. तिथे तीस दाब नकोत, एकाच वेळी धाडकन येणारी हवा हवी. ती मोठ्या पंपाकडून मिळते, आणि तो पंप महामार्गावर असतो. पाचाडच्या चढावर नसतो, आंबेनळीच्या वळणावर तर नाहीच. शिवाय ट्यूबलेस सायकलींचे व्हॉल्व्ह बहुधा बारीक, परदेशी धाटणीचे असतात. त्यावर मोटारसायकलच्या पंपाचे तोंड बसत नाही. मोटारसायकलच्या टायरात खुपसतात ती रबरी वातही सायकलच्या पातळ टायरला जाड पडते.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या मुलामुलींची सायकल म्हणजे शाळेचा रस्ता आहे, रोज पाच-सात किलोमीटर जाणे आणि सुट्टीत डोंगराकडे एखादी फेरी, त्यांनी ट्यूबच ठेवावी. दोन-तीनशे रुपयांत ती मिळते आणि कुठल्याही गावात दुरुस्त होते. सायकल बसली तर शाळा बुडते, त्यामुळे चाक किती वेळा बसते यापेक्षा बसल्यावर किती वेळात उठते, हे तुमच्यासाठी मोठे आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर रिम घेईल तेवढा रुंद टायर घ्या. रुंद टायरात थोडा कमी दाब ठेवला तरी ट्यूब चिमटत नाही. पावसाळ्यानंतर दगडी वाटांवर २८-३० पौंड आणि डांबरी रस्त्यावर ४० पौंड ठेवून पाहा. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका.

जे दर आठवड्याला घाटात जातात आणि ज्यांच्या चाकाची रिम व टायर दोन्ही त्यासाठीच बनवलेले आहेत, त्यांनी खुशाल ट्यूबलेस वापरावे. तिथे ते खरोखर सरस आहे, हे मी नाकारत नाही. मात्र पिशवीत एक ट्यूब ठेवावी. मुंबईहून येणारे अनुभवी स्वार ती ठेवतातच; गावातल्या मुलांना त्यांची रुंद चाके दिसतात, पिशवीतली ट्यूब दिसत नाही. आणि साध्या रिमवर चिकटपट्टी लावून ट्यूबलेस कुणीही करू नये. तुमचा मामा म्हणाला, दुकानदार म्हणाला किंवा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणाला, तरी करू नये.

प्लास्टर निघाल्यावर तो मुलगा माझ्याकडे आला. आम्ही ओटीवर ते पुढचे चाक घेऊन बसलो. रिम शाबूत होती. पुन्हा ट्यूबशिवायच हवा भरून घेतलेली होती, ती हळूहळू सोडत काठावर साबणाचे पाणी लावत गेलो. अडीच किलोला त्याने दोन्ही हातांनी टायर बाजूला रेटला. काही झाले नाही. दोनला एक-दोन बुडबुडे आले. दीडच्या आसपास रेटताच काठ आत गेला, फस्स झाले आणि दोघांच्या अंगावर पांढरा चीक उडाला. त्याने वहीत आकडे लिहिले, डाव्या हाताने. मग आम्ही चिकटपट्टी खरवडून काढली, रिमला साधी रबरी पट्टी लावली आणि ट्यूब घातली.

सोल्यूशनची छोटी ट्यूब एकदा फोडली की टोपण कितीही घट्ट लावा, आतला द्रावक उडून जातो आणि काही महिन्यांत तिच्यात नुसता सुकलेला रबर उरतो. तेव्हा पिशवीत दोन ठेवा, एक न फोडलेली.